चाकणच्या हवेची जुनी नोंद कागदी पाकिटात पडून आहे

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, आणि पुढे भोसरी, तळवडे करत कारखानदारी इंद्रायणी ओलांडून म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, चाकणपर्यंत पसरली. या वाटचालीची कागदपत्रे जागच्या जागी सापडतात. भूसंपादनाच्या नोटिसा आहेत, परवाने आहेत, कोणत्या वर्षी किती गाड्या बाहेर पडल्या याचे आकडे आहेत. मात्र हे सारे घडण्याआधी इथल्या आंब्याच्या आणि बाभळीच्या सालीवर, देहूजवळच्या भंडारा डोंगराच्या काळ्या दगडावर, शिंदे-वासुलीकडच्या भामचंद्राच्या कड्यावर काय वाढत होते आणि त्यातले काय कधी नाहीसे झाले, हे महापालिकेच्या दप्तरात सापडणार नाही आणि एमआयडीसीच्याही नाही. याचा पुरावा शिल्लक असलाच तर तो पुण्यातल्या वनस्पतिसंग्रहांच्या कपाटांत, छोट्या कागदी पाकिटांत आहे. ही पाकिटे गाव, वर्ष आणि जात यांनुसार कोणालाही शोधता येतील अशी पक्की सूची व्हायला हवी, आणि तिचा खर्च ज्या औद्योगिक पट्ट्याने ही जमीन बदलली त्या पट्ट्याने उचलायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

पाकिटात असते ते मुख्यतः दगडफूल आणि मॉस. दगडफुलाची ओळख मराठी घराला करून द्यावी लागत नाही. गोडा मसाला त्याच्यावाचून होत नाही. बुरशी आणि शैवाल यांच्या कायमच्या भागीदारीतून हा जीव घडतो. त्याला मुळे नसतात. झाडाच्या पानावर असते तसे मेणचट आवरणही नसते. पाणी, क्षार, जे काही लागेल ते तो हवेतून आणि पावसातून अंगभर शोषून घेतो, आणि नको ते टाकून देण्याची सोय त्याच्याकडे जवळपास नाहीच. म्हणून हवेतले शिसे, जस्त, कॅडमियम त्याच्यात साठत राहते. काही जाती तर अशा की गंधकाचा धूर थोडा वाढला तरी त्या प्रदेशातून हद्दपार होतात. फिनलंडच्या विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच पॅरिसच्या लुक्झेंबुर्ग बागेतली दगडफुले पाहून त्यांच्यावरून हवेचा कस ओळखता येईल असे लिहिले होते. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी इंग्लंड-वेल्ससाठी सरळ एक पट्टीच तयार केली. झाडावर कोणत्या जाती आहेत ते पाहायचे आणि हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचा अंदाज बांधायचा.

याहून मोलाचे काम स्वीडनमध्ये झाले. र्‍यूलिंग आणि ट्यूलर या दोन संशोधकांनी १९६८ मध्ये वनस्पतिसंग्रहातली १८६० पासूनची मॉस काढली आणि त्यांतले शिसे मोजले. शिशाचे प्रमाण दोन टप्प्यांत चढलेले दिसले. एक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कोळशाच्या काळात. दुसरा १९५० नंतर, पेट्रोलच्या काळात. ही मॉस गोळा करणाऱ्यांना शिशाशी काही कर्तव्य नव्हते. त्यांना जाती ओळखायच्या होत्या. त्यांनी फक्त नमुन्यासोबत ठिकाण आणि तारीख नीट लिहून ठेवली, आणि त्या दोन ओळींमुळे शंभर वर्षांनी हवेचा इतिहास वाचता आला. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले ते २००० साली. तोवर कित्येक दशके जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने दापोडीपासून निगडीपर्यंत आणि पुढे घाटापर्यंत धूर सोडला. सफर ही हवामापनाची यंत्रणा पुण्यात आली २०१३ मध्ये. भोसरी, निगडी, आळंदी इथे तिची केंद्रे आहेत. त्याआधीच्या अर्धशतकाबद्दल या पट्ट्यातल्या गावागावातली हवा कशी होती हे विचारायचे असेल, तर झाडाच्या सालीवरून तेव्हा खरवडून घेतलेला आणि तारखेसह जपलेला तुकडा हा फार थोड्या साक्षीदारांपैकी एक आहे.

असे साक्षीदार पुण्यात आहेत, हे पुणेकरांनाही फारसे ठाऊक नसते. मालवणात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक, ती १९४६ मध्ये सुरू झाली. १९९२ पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे. प्रा. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीपासून अंदमानपर्यंतची दगडफुले अभ्यासून अनेक नव्या जातींचे वर्णन केले ते याच संस्थेत. सालीवर काळ्या शाईने अक्षरे गिरवल्यासारखी दिसणारी जी दगडफुले असतात, त्यांच्या भारतातल्या अभ्यासात पुण्याचे नाव वगळता येत नाही. कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. तिथे दीड लाखाहून अधिक नमुने आहेत आणि त्यांत पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा जुना संग्रहही आहे. वुड्रो, भिडे, गराडे, कानिटकर या माणसांनी विसाव्या शतकाच्या आगेमागे जमवलेल्या वनस्पती त्यात आहेत. रा. कृ. भिडे यांच्या नावाने तर गवताची एक प्रजातीच ओळखली जाते.

ही सूची म्हणजे नेमके कसले काम, ते जवळून पाहायला हवे, कारण 'यादीच तर करायची' असा समज सर्रास असतो. फुलझाडाचा नमुना कागदावर चिकटवलेला असतो. त्याचा फोटो काढायला मिनिट लागते. दगडफुलाचे पाकीट उघडावे लागते. आत छिन्नीने उडवलेली दगडाची कपची असते, तिच्यावर करड्या रंगाचा जेमतेम नखाएवढा थर. एकाच कपचीवर तीन-चार जाती शेजारी शेजारी असतात आणि लेबल त्यांतल्या एकीचेच असते. जात पटवायची तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा बारीक थेंब त्या थरावर टाकायचा आणि रंग पाहायचा. काही जातींत तो आधी पिवळा होतो आणि बघता बघता रक्तासारखा लाल होतो, काहींत काहीच होत नाही. मग पात्याने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहायचे. त्यांची लांबी, रंग, आतले पडदे नोंदवायचे. त्यानंतर लेबल. ते शाईने लिहिलेले, पुसट, आणि त्यावर इंग्रजांच्या कानाला ऐकू आली तशी गावांची नावे. समजा लेबलावर नुसते 'खेड' आहे. हे खेड पुणे जिल्ह्यातले, म्हणजे चाकण ज्या तालुक्यात येते आणि ज्याचे मुख्य गाव आज राजगुरुनगर म्हणून ओळखले जाते ते? की रत्नागिरी जिल्ह्यातले? एकीकडे पठारावरची कोरडी हवा, दुसरीकडे कोकणचा पाऊस. गोळा करणाऱ्याची त्या आठवड्यातली बाकीची लेबले लावून पाहिली, तो कोणत्या मार्गाने फिरत होता हे जुळवले, तरच उत्तर मिळते. ते चुकले तर त्यावर बेतलेला प्रत्येक नकाशा चुकतो. चाकणच्या कोणत्याही कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोंद नसलेला माल हा असून नसल्यासारखा असतो, तो लाइनवर जात नाही. नोंद नसलेल्या पाकिटाचेही तेच आहे.

जिथे माणसाची वस्तीच नाही तिथल्या मॉसची आणि दगडफुलांची नोंद जगाने किती काटेकोर ठेवली आहे, हे पाहिले की आपली उणीव अधिक ठळक होते. अंटार्क्टिका खंडावर फुले येणाऱ्या वनस्पती दोनच. बाकी जे हिरवे-करडे दिसते ते मॉस, दगडफूल आणि शैवाल. केंब्रिजला ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या संग्रहात तिथले आणि आसपासच्या बेटांवरचे सुमारे ५० हजार नमुने आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांची माहिती संगणकावर आहे. भारताचाही या कामात वाटा आहे. मैत्री आणि भारती ही आपली तिथली केंद्रे गोव्यात वास्कोला असलेली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था चालवते. मैत्रीच्या परिसरातल्या, शिर्माकर ओअ‍ॅसिसमधल्या दगडफुलांचा अभ्यास लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिशास्त्र संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी केला आहे. भारती केंद्राजवळ २०१६-१७ च्या मोहिमेत एक गडद हिरवे मॉस मिळाले. ते नवीन जातीचे आहे असे जाहीर व्हायला २०२१ उजाडले आणि त्याला ब्रायम भारतीएन्सिस असे नाव मिळाले. मधली वर्षे कशात गेली? जगभरच्या ज्ञात जातींशी, त्यांच्या डीएनएशी ते ताडून पाहण्यात. आधीच्या नमुन्यांची नोंद नसती तर 'हे नवीन आहे' असे म्हणायला कोणालाच आधार नसता. बर्फाच्या खंडावरच्या मूठभर मॉससाठी देश ही शिस्त पाळू शकतो, तर २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर लोकसंख्या मोजलेल्या पिंपरी-चिंचवड शहराच्या टेकड्यांसाठी का पाळू नये?

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की इंद्रायणीवर आळंदीत फेस येतो, लोकांना श्वास घेणे अवघड होते, अशा वेळी वाळलेल्या वनस्पतींच्या याद्या कशाला? हवा मोजायला यंत्रे आहेत, ती वाढवा. यंत्रे वाढवलीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण यंत्र बसवले त्या दिवसापासून बोलू लागते. प्रदूषण किती वाढले या प्रश्नात 'कशाच्या तुलनेत' हा प्रश्न आधीच दडलेला असतो, आणि त्याचे उत्तर नसले की प्रत्येक सुनावणीत, प्रत्येक पर्यावरणीय अहवालात आजचीच स्थिती मूळ स्थिती म्हणून धरली जाते. याचा फायदा कोणाला होतो हे सांगायला नको. शिवाय यंत्रे थोड्या ठिकाणी असतात. दगडफूल प्रत्येक जुन्या झाडावर, प्रत्येक गावच्या देवळाच्या ओट्यावर असू शकते. असेल तर एक गोष्ट कळते, तिथे पूर्वी होते आणि आज नसेल तर दुसरी.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. जुन्या संग्रहांत कीड लागू नये म्हणून नमुन्यांना मर्क्युरिक क्लोराइड लावण्याची पद्धत होती. कपाटांत शहराची धूळही बसते. मग त्यांत सापडलेला पारा किंवा धातू हवेतला की कपाटातला? खरे आहे, अशा संग्रहातून पाऱ्याचा इतिहास मांडू नये. पण शिसे, कॅडमियम, जस्त यांच्यासाठी नमुना धुणे, त्याच कपाटातल्या दूरच्या, स्वच्छ प्रदेशातल्या नमुन्याशी तुलना करणे, शिशाच्या समस्थानिकांवरून ते पेट्रोलमधले की कोळशातले हे पाहणे अशा पद्धती प्रयोगशाळांत रुळल्या आहेत. कोणत्या नमुन्यावर कोणते औषध मारले होते हेही नोंदीतूनच कळते, म्हणजे हा आक्षेप शेवटी सूचीच्याच बाजूने पडतो. याला जोडून आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पूर्वीचे संग्राहक लोणावळा, खंडाळा, महाबळेश्वर, आंबोली अशा हिरव्या, पावसाळी जागी जात. चाकणच्या उघड्या पठारावर थांबायला त्यांना कारण नव्हते. तेव्हा सूची पूर्ण झाल्यावर या पट्ट्यातले नमुने थोडेच निघतील, ही शक्यता मोठी आहे. पण किती थोडे, कोणत्या गावांचे, कोणत्या वर्षांचे, हे कळणे हीच पहिली मिळकत. घाटाच्या पायथ्यापासून पठारापर्यंत तुलनेची एक रेघ तरी त्यातून आखता येईल, आणि जिथे काहीच नाही तिथे आजच गोळा करायला सुरुवात करता येईल. आज घेतलेला नमुना २०७५ मधल्या माणसासाठी जुना असेल.

मोबाइलवर फोटो काढून नोंद करणारे हजारो हौशी निसर्गप्रेमी आज आहेत आणि त्यांचे काम मोठे आहे. मात्र फोटोवर थेंब टाकता येत नाही आणि फोटोतले शिसे मोजता येत नाही. यंत्राला शिकवून फोटोवरून जात ओळखायची म्हटली तरी आधी तज्ज्ञाने खात्रीने नाव दिलेले नमुने लागतातच. उलट बाजूने, नमुने आहेत म्हणून फोटो नकोत असेही नाही. १९४३ च्या मार्चमध्ये बाँबहल्ल्यात बर्लिनचा वनस्पतिसंग्रह जळाला. चाळीस लाखांच्या आसपास नमुन्यांतला बहुतांश भाग गेला. शिकागोच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने, मॅकब्राइड यांनी, १९२९ पासून तिथल्या मूळ नमुन्यांचे हजारो फोटो काढून ठेवले होते म्हणून निदान त्या जातींचे रूप तरी आज पाहता येते. आपल्याकडे दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय २०१६ मध्ये आगीत गेले. सूची आणि प्रतिमा दुसऱ्या ठिकाणी जपलेल्या असणे ही चैन नाही. २०१७ मध्ये आणखी एक प्रकार उघडकीस आला. पॅरिसहून ऑस्ट्रेलियाला अभ्यासासाठी पाठवलेले शंभराहून अधिक जुने, दुर्मीळ नमुने तिथल्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी कागदपत्रे अपुरी म्हणून जाळून टाकले. त्याच सुमारास न्यूझीलंडहून आलेल्या दगडफुलांचेही तेच झाले. पॅरिसच्या पार्सलावर किंमत लिहिली होती २ डॉलर. ज्या वस्तूचे मोल कागदावर धड मांडलेले नाही ती कोणाच्याही हातून सहज जाते.

दुर्मीळ वनस्पतींची ठिकाणे उघड केली तर लोक त्या उपटून नेतील, अशीही भीती व्यक्त होते. जुन्नर भागातून डॅलझेल यांनी १८६०च्या दशकात वर्णन केलेली शिंदळ माकुडी आठवा. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगडच्या कड्यांवरची ही वनस्पती शोभेसाठी पळवली जाऊ शकते, ही भीती रास्त आहे. उपाय साधा आहे. अशा मोजक्या जातींचे नेमके ठिकाण लोकांना दाखवायचे नाही, तालुका तेवढा दाखवायचा. संशोधकाने रीतसर मागितले तर द्यायचे. दगडफुलांच्या आणि मॉसच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उद्भवतही नाही.

राहता राहिला पैसा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०२२ मध्ये आपला ऑनलाइन संग्रह सुरू केला तेव्हा त्यात सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. सर्वेक्षणाकडे एकूण नमुने तीस लाखांच्या घरात आहेत. सरकारी गतीने पाकिटांची पाळी सर्वांत शेवटी येणार, कारण ती उघडणे वेळखाऊ आणि ती ओळखणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इथेच या पट्ट्याची जबाबदारी येते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत, आणि त्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वनस्पती-प्राण्यांचे संरक्षणही आहे, सार्वजनिक संशोधन संस्थांना मदतही आहे. म्हणजे कायद्याची आडकाठी नाही. आज हा पैसा बहुधा वृक्षारोपणाकडे जातो. रोपे लावावीत, जगवावीत. टेल्कोच्या पिंपरी कारखान्यात सुमंत मुळगावकरांनी झाडे आणि तळे उभे करून दाखवले, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण कोणत्या टेकडीवर मुळात काय होते हे ठाऊक नसताना तिथे काय लावायचे हे ठरते कसे? दोन-तीन तरुण वनस्पतिशास्त्रज्ञांचे पाच वर्षांचे मानधन, एक चांगला सूक्ष्मदर्शक, कॅमेरा आणि रसायने यांचा खर्च चाकणमधल्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या पुस्तकात शोधूनही सापडणार नाही इतका लहान आहे.

पिंपरीला अशा कामाचा वारसाही आहे. एम. जे. तिरुमलाचार हे कवकशास्त्रज्ञ हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये संशोधन करत होते. तिथे एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळाले; १९६१ मध्ये ते जगापुढे आले. त्या सूक्ष्मजीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. हे शक्य झाले ते नमुना वेगळा करून, नाव देऊन, नोंदवून जपला म्हणून. ज्या गावाचे नाव असे जगाच्या सूक्ष्मजीवांच्या यादीत गेले, त्या गावाने आपल्या दगडांवरच्या जीवांची यादी नसणे मनाला लावून घ्यायला हवे.

म्हणून या पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सीएसआर समित्यांना, पिंपरी-चिंचवड महापालिकेला आणि एमआयडीसीला विनंती आहे. येत्या आर्थिक वर्षात आघारकर संस्था आणि वनस्पती सर्वेक्षण यांच्याशी करार करून पुणे जिल्ह्यातली पाकिटे आधी उघडायला घ्या. 'पूना', 'खेड', 'चिंचवड' अशी लेबले त्यांत पहिली. त्याच वर्षी पावसाळा संपल्यावर भंडारा, भामचंद्र, घोरावडेश्वर आणि निगडीच्या दुर्गा टेकडीवरून दगडफुले आणि मॉस गोळा करा, प्रत्येक पाकिटावर ठिकाण, झाड किंवा दगड, उंची आणि तारीख लिहा, आणि एक संच पुण्यात तर दुसरा लखनौला ठेवा. शहराच्या दरवर्षीच्या पर्यावरण अहवालात त्या सूचीसाठी दोन पाने राखून ठेवा. दगडफूल ओळखणारी पिढी निवृत्त होत आली आहे. हे काम तिच्या देखरेखीखाली व्हायचे असेल तर ते आताच सुरू करावे लागेल.